खऱ्याखोट्याचे पारखी : जेम्स प्रिन्सेप

ज्या घरीं आजोबा-पणजोबांच्या वेळची एखादी जुनी पेटी आहे, तेथें कधीं कधीं कंपनी सरकारचा एखादा रुपया सांपडतो. एका बाजूस चौथ्या विल्यम राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस पानांच्या वेलीमध्यें इंग्रजी व फारशी अक्षरांत रुपयाचें नांव, आणि खालीं १८३५ हें साल. असें नाणें हातीं आलें म्हणजे मनांत पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, हें खरें आहे कीं खोटें ? प्रश्न लहान दिसतो. परंतु ह्याच प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत एका पुरुषानें आपलें आयुष्य वेंचिलें, आणि त्या शोधांतूनच आपल्या देशाच्या इतिहासाचें एक बंद झालेलें दार उघडलें. त्या पुरुषाचें नांव जेम्स प्रिन्सेप.

अशोक राजाचे लेख वाचणारे म्हणून प्रिन्सेपसाहेबांची कीर्ति आहे. परंतु त्यांस वेतन मिळत असे तें शिलालेख वाचण्याबद्दल नव्हे. ते टांकसाळीचे पारखी होते, व रुप्यांत हीण किती हें सांगणें ही त्यांची नोकरी होती. ह्या दोन कामांचा परस्परांशीं किती निकट संबंध होता, तें विद्यार्थिबंधूंच्या ध्यानीं यावें एवढ्यासाठीं आम्ही त्यांचें हें अल्पचरित्र येथें सादर करीत आहों.

जेम्स यांचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजीं इंग्लंडांत झाला. त्यांचे वडील जॉन प्रिन्सेप हे १७७१ मध्यें जवळजवळ रिकाम्या हातानें हिंदुस्थानांत आले, आणि निळीच्या धंद्यांत मोठें द्रव्य मिळवून १७८७ मध्यें स्वदेशीं परतले. पुढें व्यापारांत खोट आल्यामुळें कुटुंबाचें वैभव ओसरलें. जेम्स हे त्यांचें दहावें अपत्य व सातवे पुत्र. एवढ्या मोठ्या कुटुंबांत त्यांच्या वाट्यास शाळेचें शिक्षण बेताचेंच आलें. बरेंचसें ज्ञान त्यांनीं घरीं वडील भावंडांपाशीं बसून संपादन केलें. बारीक रेखाटन करण्यांत व यांत्रिक खटपटींत त्यांचा हात लहानपणापासून चालत असे. म्हणून त्यांस ऑगस्टस प्यूजिन यांच्यापाशीं वास्तुशिल्प शिकावयास ठेविलें. परंतु डोळ्यांस विकार जडून दृष्टि मंद झाली आणि तो मार्ग सोडावा लागला. ज्यांस तारुण्यांत डोळ्यांनीं दगा दिला, त्यांनींच पुढें इतरांस न दिसलेलें पाहावें, ही ईश्वराची योजनाच म्हणावयाची.

इतक्यांत हिंदुस्थानांतील टांकसाळींत धातूंचा कस पाहणाऱ्याची जागा मिळण्याचा संभव आहे असें वडिलांस समजलें. त्यांनीं मुलास लंडनच्या गायज् इस्पितळांत रसायनशास्त्र शिकविलें, आणि नंतर तेथील राजाच्या टांकसाळींतील मुख्य पारखी रॉबर्ट बिंगले यांच्या हाताखालीं उमेदवारीस ठेविलें. १५ सप्टेंबर १८१९ रोजीं जेम्स कलकत्त्यास उतरले. त्या वेळीं त्यांस विसावें वर्ष पुरें होऊन महिनाही झाला नव्हता. वर्षभराच्या आंतच त्यांचे वरिष्ठ, संस्कृतज्ञ होरेस हेमन विल्सन यांनीं त्यांस काशीच्या टांकसाळीचे पारखी म्हणून तिकडे पाठविलें, व ती टांकसाळ १८३० मध्यें बंद होईपर्यंत ते तेथेंच राहिले.

त्या काळच्या नाण्यांची स्थिति आज आपणांस कल्पनेनेंच जाणावी लागेल. देशांत एक रुपया नव्हता, अनेक रुपये होते. बंगाल्यांत कलकत्त्याचा शिक्का रुपया सुमारें १९२ ग्रेन वजनाचा होता. वरच्या प्रांतांत फरुकाबादी रुपया चाले, मद्रास व मुंबई इलाख्यांचे रुपये निराळे, आणि आमच्या महाराष्ट्रांत पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी असे पेशवाईंतले रुपये बाजारांत फिरतच होते. प्रत्येकाचें वजन वेगळें, प्रत्येकाचा कस वेगळा. शिवाय नाणें जुनें झालें कीं त्याच्यावर बट्टा बसे. सालावरून चालणारा हा घोळ मिटावा म्हणून कंपनीनें बंगाल्यांतील आपल्या रुपयांवर शहा आलम बादशहाच्या राज्याचें १९ वें वर्षच वर्षानुवर्षें कोरण्याचा प्रघात पाडिला. म्हणून अशा नाण्यावरील आंकड्यावरून तें केव्हां पाडलें हें कळत नाहीं, ही गोष्ट जुन्या नाण्यांचा शोक असणाऱ्यांनीं अवश्य लक्षांत ठेवावी.

ह्या सर्व घोटाळ्यांत सराफाचें साधे, आणि गरिबाचें बुडे. सारा भरावयास आलेल्या कुणब्याच्या हातांतला रुपया सराफ दगडावर आपटून वाजवी, त्याच्यावर बारीक खुणेचा ठसा मारून आंतलें रुपें पाही, आणि मग मान हालवून बट्टा सांगे. तो रुपया खरोखरच हिणकस होता कीं नव्हता, हें कुणब्यास कळण्याचा मार्ग नव्हता. खोटें नाणें खऱ्याच्या भावानें चालणें हा जसा अन्याय, तसाच खरें नाणें खोटें ठरविणें हाही अन्यायच होय. ह्या दोहोंच्या मध्यें उभें राहून कोणाचीही भीड न धरतां निर्णय द्यावयाचा, हें टांकसाळींतल्या पारख्याचें काम होतें.

तो निर्णय कसा देत असत, तें आतां सांगतों. रुप्याचा एक लहानसा तुकडा घेऊन प्रथम तो अतिशय नाजूक कांट्यावर तोलीत. नंतर त्यास शिशाच्या पत्र्यांत गुंडाळून हाडांच्या राखेच्या पसरट मुशींत ठेवीत, व ती मूस तप्त भट्टींत घालीत. शिसें वितळून हवेच्या योगानें त्याचें भस्म होतें, तें तांब्यासारखें हीण आपल्याबरोबर घेऊन राखेच्या मुशींत जिरून जातें, आणि शेवटीं एकाएकीं लकाकी मारून शुद्ध रुप्याचा एक मणि मागें उरतो. तो मणि पुन्हां तोलला म्हणजे पहिल्या वजनांतून जें उणें झालें तें हीण. कृति ऐकावयास सोपी आहे; पण भट्टी फाजील तापली तर थोडें रुपेंही उडून जातें, आणि ताव कमी पडला तर मण्यांत शिसें राहून तो जड भरतो. म्हणजे पहिल्या चुकीनें खरें नाणें हलकें ठरावयाचें, आणि दुसऱ्या चुकीनें हलकें नाणें खरें ठरावयाचें. हजारांत एकाची चूक क्षुल्लक वाटते. परंतु एक लाख रुपयांच्या रुप्यावर ती शंभर रुपयांची होते, आणि ते शंभर रुपये कोणाच्या तरी पदरचे जातात.

प्रिन्सेपसाहेबांचें मन ह्याच ठिकाणीं अडलें. भट्टीचा ताव नुसत्या नजरेच्या अंदाजानें ठरविणें त्यांस पसंत पडेना. साधा पारा त्या उष्णतेंत टिकत नाहीं. तेव्हां त्यांनीं अशी युक्ति काढिली कीं, रुपें, सोनें व प्लॅटिनम ह्या धातूंचीं ठराविक प्रमाणांत मिश्रणें करून त्यांचे बारीक तुकडे भट्टींत ठेवावे, आणि कोणता तुकडा वितळला व कोणता तसाच राहिला यावरून उष्णता मोजावी. रुपें वितळण्यापासून सोनें वितळण्यापर्यंत त्यांनीं दहा पायऱ्या केल्या, आणि सोन्यापासून प्लॅटिनमपर्यंत शंभर. हा निबंध १८२८ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केला, व तिनें त्यांस आपल्या सभासदत्वाचा मान दिला. पुढें त्यांनीं अतिशय सूक्ष्म वजन दाखविणारा कांटाही सिद्ध केला. आपल्या डोळ्यांवर जे विसंबूं शकत नव्हते, त्यांनीं डोळ्यांची साक्ष तपासून पाहणारीं साधनें निर्माण केलीं.

काशींतील दहा वर्षें त्यांनीं केवळ भट्टीपाशीं घालविलीं नाहींत. त्यांनीं त्या शहराची मोजणी करून बारीक नकाशा केला, घाटांचीं व उत्सवांचीं चित्रें काढिलीं, औरंगजेबाच्या मशिदीचे मनोरे दुरुस्त केले, आणि कर्मनाशा नदीवर दगडी पूल बांधविला. १८३० मध्यें ते कलकत्त्यास परत आले. १८३२ मध्यें विल्सनसाहेब विलायतेस गेल्यावर तेथील नव्या टांकसाळीचे मुख्य पारखी व एशियाटिक सोसायटीचे चिटणीस हीं दोन्ही पदें प्रिन्सेपसाहेबांकडे आलीं. सोसायटीच्या मासिकाचे पहिले संपादकही तेच झाले.

१८३३ मध्यें त्यांनीं देशभर वजनें, मापें व नाणीं एकाच पद्धतीचीं असावीं असा आग्रह धरिला, आणि १८३४ मध्यें हिंदुस्थानांतील नाण्यांचीं वजनें व कस ह्यांचे तक्ते छापून सर्वांच्या हातीं दिले. सराफाच्या बैठकींत गुप्त असलेलें ज्ञान अशा रीतीनें उघडें झालें. १८३५ मध्यें कायदा होऊन कंपनीच्या सर्व मुलखाकरितां एकच रुपया ठरला : वजन १८० ग्रेन, त्यांत अकरा भाग रुपें व एक भाग तांबें, म्हणजे शुद्ध रुपें १६५ ग्रेन. १८० ग्रेनांचा तोळाही त्यापूर्वीं दोन वर्षें ठरून गेला होता, म्हणून रुपया म्हणजेच एक तोळा असें झालें. कुणब्यासही आतां आपला रुपया कोणत्याही कांट्यावर घालून पाहतां येऊं लागला.

आरंभीं ज्या रुपयाचा उल्लेख केला तो हाच. तो खरा कीं खोटा हें ओळखण्याची रीत येथें थोडक्यांत देतों. आजच्या मापानें त्याचें वजन ११.६६ ग्रॅम असावें. मात्र पुष्कळ हातांतून झिजलेलें नाणें थोडें हलकें भरतें, तेवढ्यावरून त्यास दोष देऊं नये. अस्सल नाणें ठशाखालीं दाबून पाडलेलें असल्यामुळें त्याचीं अक्षरें रेखीव व पृष्ठ घट्ट असतें. सांच्यांत ओतलेल्या नकलेवर बारीक छिद्रें, बोथट अक्षरें व कांठावर सांध्याची रेषा दिसते. कांठावरील उभे दाते सर्वत्र सारखे असावे. खऱ्याचा नाद खणखणीत व लांब चालणारा असतो. पण चीर गेलेलें खरें नाणेंही बद्द वाजतें. वर रुप्याचा मुलामा देऊन आंत तांबें असेल, तर झिजलेल्या उंचवट्यांवर तांबूस झांक दिसूं लागते.

ह्यांहूनही भरंवशाची परीक्षा पाण्याची. नाणें बारीक दोऱ्यानें कांट्यास टांगून प्रथम हवेंत व मग पाण्यांत बुडवून तोलावें. हवेंतील वजनास पाण्यांत घटलेल्या वजनानें भागिलें असतां खऱ्या कंपनी रुपयाचें उत्तर सुमारें १०.३ येतें. तेंच तांब्याचें ९ च्या आसपास व शिशाचें ११ च्या वर जातें. धूर्त मनुष्य दोन हलक्या-जड धातूंची मिसळ करून हा आंकडा जुळवूं शकतो, म्हणून ही परीक्षाही एकटी पुरी पडत नाहीं. आजच्या काळीं क्ष-किरणांच्या यंत्रानें नाणें न कापतां त्यांतील धातु ओळखतां येतात, पण तें यंत्रही मुख्यत्वें वरच्या थराचेंच वर्तमान सांगतें. सारांश, एका खुणेवरून निकाल देऊं नये. वजन, ठसा, कांठ, नाद व घनता ह्या साऱ्या साक्षीदारांस विचारावें, आणि त्यांचें बोलणें जुळलें म्हणजे मग मत बनवावें. नाणें घांसून लखलखीत करण्याचा मोहही आवरावा, कारण त्यानें साक्षच पुसली जाते.

प्रिन्सेपसाहेबांनीं हीच रीत पुराण्या नाण्यांस लाविली. काबूल, पंजाब, गुजराथ अशा चहूंकडच्या मुलखांतून लोक त्यांच्याकडे सांपडलेलीं नाणीं पाठवूं लागले. कांहीं रुप्याच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस अपरिचित लिपि होती. ग्रीक नांवाच्या आधारानें ते दुसऱ्या बाजूचीं अक्षरें एकेक करून ताडून पाहूं लागले. १८३६ मध्यें लासेन ह्या जर्मन पंडितानें अशाच एका नाण्यावरून अगाथोक्लिस राजाचें नांव जुन्या ब्राह्मी लिपींत ओळखिलें. तरीही दिल्लीच्या व अलाहाबादच्या स्तंभांवरील लांबलचक लेख मुके ते मुकेच होते.

१८३७ मध्यें प्रिन्सेपसाहेब सौराष्ट्रांतील क्षत्रप राजांचीं रुप्याचीं चिमुकलीं नाणीं लावीत बसले होते. त्या नाण्यांवर राजाच्या नांवाबरोबर त्याच्या बापाचेंही नांव असतें. त्यावरून षष्ठीचा प्रत्यय दाखविणारें स हें अक्षर त्यांस सांपडलें. त्यानंतर लौकरच कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनीं सांचीच्या स्तूपावरून उतरून घेतलेले छोटे छोटे लेख ते छापण्यासाठीं मांडीत होते. पाहतात तों पुष्कळ लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनीं झालेला, आणि त्यांच्या अलीकडे तोच षष्ठीचा स ! देवस्थानांत निरनिराळ्या लोकांनीं दिलेल्या वस्तूंवर अमक्याचें दान असेंच कांहीं लिहिलेलें असणार, हा विचार त्यांच्या मनांत चमकला. तीं दोन अक्षरें म्हणजे दानं हा शब्द. त्यांतून द व न हीं अक्षरें मिळालीं, आणि थोड्याच काळांत जुन्या ब्राह्मीची बहुतेक वर्णमाला उलगडली. दोन हजार वर्षांपूर्वींच्या दगडांस पुन्हां वाचा फुटली, ती एका लहानशा रुप्याच्या नाण्यानें दिलेल्या अक्षरामुळें !

येथें आमच्या वाचकांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. मुंबईचे मिशनरी रे. डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या शाळेंतून पुढें विल्सन कॉलेज उदयास आलें, ते १८३५ मध्यें गिरनारास गेले होते. तेथील खडकावरच्या लेखाचा ठसा त्यांच्याकरितां कॅप्टन लँग यांनीं कापडावर घेतला, व तो मुंबईहून प्रिन्सेपसाहेबांच्या हातीं पोंचला. त्या लेखांत १८३८ मध्यें त्यांस अंतियोक व तुरमाय, म्हणजे अँटायोकस व टॉलेमी, ह्या यवन राजांचीं नांवें आढळलीं. त्यायोगें ह्या लेखांचा काळ निश्चित करण्यास आधार मिळाला.

परंतु हे लेख कोरविणारा पियदसि राजा कोण ? प्रिन्सेपसाहेबांनीं प्रथम असें अनुमान केलें होतें कीं, हा सिंहलद्वीपाचा तिस्स राजा असावा, आणि तें त्यांनीं छापूनही टाकिलें होतें. इतक्यांत सिंहलद्वीपांतील जॉर्ज टर्नर यांनीं पालि ग्रंथाच्या आधारें कळविलें कीं, पियदसि हें मौर्य राजा अशोकाचेंच नांव आहे. आपल्या मतास चिकटून राहण्याचा मोह मोठमोठ्या विद्वानांस आवरत नाहीं. प्रिन्सेपसाहेबांनीं मात्र नवा पुरावा पुढें येतांच आपलें पहिलें अनुमान टाकिलें, आणि टर्नरसाहेबांस त्या शोधाचें श्रेय उघडपणें दिलें. भट्टींतून निघालेला मणि उणा भरला तर तो उणाच लिहावयाचा, मग तें रुपें कोणाचेंही असो, हा टांकसाळींतला नियम त्यांनीं स्वतःच्या मतासही लाविला.

ह्या श्रमांचें मोल त्यांस फार द्यावें लागलें. दिवसा टांकसाळ, बाकीच्या वेळीं मासिकाचें संपादन, पत्रव्यवहार, ताम्रपट, शिलालेख, नाणीं. १८३८ मध्यें डोकेंदुखीनें ते हैराण झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांस जहाजावर चढवून विलायतेस न्यावें लागलें. ज्या बुद्धीनें इतकीं कोडीं सोडविलीं, ती पुन्हां सावरली नाहीं. २२ एप्रिल १८४० रोजीं लंडन येथें त्यांचें देहावसान झालें. तेव्हां त्यांचें वय अवघें ४० वर्षांचें होतें. मागें पत्नी हॅरिएट व एक लहान कन्या राहिली. कलकत्त्याच्या नागरिकांनीं हुगळीच्या तीरीं त्यांच्या स्मरणार्थ बांधविलेला प्रिन्सेप घाट आजही उभा आहे.

त्यांचें खरें स्मारक मात्र त्यांच्या मागून आलेल्यांच्या कामांत पाहावें. १९०६ मध्यें नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपान क्षत्रपाचीं तेरा हजारांहून अधिक रुप्याचीं नाणीं सांपडलीं, व रे. एच. आर. स्कॉट यांनीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं पुष्कळांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां उमटविलेला होता. नहपानाच्या नाण्यावर ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिपि असतात. आमच्या महाराष्ट्राच्या ह्या प्राचीन झगड्याची साक्ष त्या रुप्यावरून वाचतां आली, तिच्या मुळाशीं कलकत्त्याच्या त्या पारख्याचे श्रम आहेत.

मलाखी भविष्यवाद्याच्या पुस्तकांत रुपें गाळून शुद्ध करणाऱ्याची उपमा आली आहे, ती आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. रुपें गाळणारा उतावीळपणा करीत नाहीं; तो भट्टीपुढें बसून राहतो. आपणांस नाणीं क्वचितच पारखावीं लागतील. पण लोकांचीं वचनें, ऐकीव वार्ता, आणि आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गुणदोष यांची पारख आपण रोजच करीत असतों. तेथें एका खुणेवरून एखाद्यास खोटा ठरविण्यापूर्वीं, आणि नुसत्या लकाकीवरून एखाद्यास खरा मानण्यापूर्वीं, आमच्या बंधूंनीं त्या भट्टीपाशीं बसलेल्या मंददृष्टि पारख्याची आठवण करावी, एवढीच आमची विनंती आहे.